क्षार वाढले की पाण्याचा पीएच वाढतो का?

प्रश्न : नमस्कार, मी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधलं, खाली आम्ल, वर अल्कली) मीटर दोन्ही घेतलेत. मला वाटायचं टीडीएस जास्त म्हणजे पाणी अल्कली, कमी म्हणजे आम्लधर्मी. पण पाण्यात मीठ घातलं तर टीडीएस भसकन वर गेला आणि पीएच जवळपास जागचा हललाच नाही. उलट डिस्टिल्ड वॉटरचा ७ यायला पाहिजे तर ५.८ दाखवतंय, तेही सारखं खालीवर. मीटर खराब आहे का?
– एक वाचक

उत्तर : मीटर बहुतेक ठीकच आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून क्षार साधारण किती असतील ते सांगतो, पण कोणते आहेत ते त्याला कळतच नाही, आणि पीएचचा सगळा खेळ कोणते यावर आहे.

मिठातला सोडियम येतो तीव्र अल्कलीतून आणि क्लोराइड तीव्र आम्लातून, त्यामुळे दोघांनाही पाण्याच्या हायड्रोजनशी काही घेणंदेणं नसतं, म्हणून पीएच तिथेच राहतो. धुण्याच्या सोड्यातला कार्बोनेट मात्र सौम्य आम्लाचा, तो पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला कण) ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो आणि ०.१ मोलर (लिटरभर द्रावणात ०.१ मोल पदार्थ) द्रावणाचा पीएच ११.६ च्या आसपास जातो. अमोनियम क्लोराइडचं बरोबर उलटं, तेवढ्याच मोलरच्या द्रावणाला साधारण ५.१.

मला स्वतःला यातली तुरटी सगळ्यात भारी वाटते. चिमूटभर तुरटी पाण्यात विरघळवा आणि निळा लिटमस बुडवा, लाल होतो. बाहेरून आम्ल तर काहीच टाकलेलं नाही! होतं असं की अॅल्युमिनियमचा आयन असतो एवढासा आणि त्यावर धन प्रभार तीन, त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू चिकटून बसतात, तो त्यांचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके खेचतो की त्यांचा हायड्रोजन सैल होतो आणि शेजारच्या पाण्याकडे निघून जातो. म्हणजे आम्ल पाण्यातूनच तयार झालं. फेरिक क्लोराइडमध्ये हाच प्रकार अजून जोरात होतो, ०.१ मोलरला पीएच २ च्या जवळ.

आता डिस्टिल्ड वॉटर. उघडं राहिलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, थोडं कार्बोनिक आम्ल बनतं आणि पीएच ५.६ पर्यंत उतरू शकतो. आकडा नाचतो कारण आयनच इतके कमी की इलेक्ट्रोडला नीट पकड मिळत नाही. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडचे दोनचार कण टाकून बघा, रीडिंग पटकन स्थिर होईल. बरेच जण म्हणतात क्षाराने पीएच बदलला, पण मुख्यतः मोजणं सुधारलेलं असतं.

प्रश्न : मग समुद्राचं पाणी अल्कली का?

उत्तर : मिठामुळे नाही. १ किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात मीठच जास्त, पण ८.१ च्या आसपासचा पीएच ठरवतात ते त्यातले थोडेसे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. वरून थोडं आम्ल पडलं तरी हे दोघं ते गिळून टाकतात आणि पीएच फारसा उतरत नाही. पाण्याची ही ताकद टीडीएसवरून कळत नाही आणि नुसत्या पीएचवरूनही नाही, त्यासाठी अल्कलिनिटीची वेगळी टेस्ट असते, ज्यात पाण्यात थेंब थेंब आम्ल टाकून इंडिकेटरचा रंग कधी पालटतो ते बघतात.