कर्जविभागाच्या संगणकावर कोणता पीडीएफ रीडर असावा?

प्रश्न : आमच्या ग्रामीण पतसंस्थेतील बहुतेक संगणक जुने आहेत. पीडीएफ उघडण्यासाठी कोणी क्रोम वापरतात, तर कोणी अ‍ॅक्रोबॅट रीडर. कर्जदाराने आणलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याबाबत अ‍ॅक्रोबॅट ‘वैधता अज्ञात’ असे दाखवतो. क्रोममध्ये मात्र तशी कोणतीच सूचना येत नाही. सर्वत्र एकच हलका रीडर बसवावा का?
– सचिव, पतसंस्था

उत्तर : तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीडीएफ हे २००८ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक असल्यामुळे साधे पान कोणत्याही रीडरमध्ये सारखेच दिसते. फरक पडतो तो स्वाक्षरीच्या पडताळणीत. क्रोम ही पडताळणी करतच नाही. त्यामुळे तेथे सूचना आली नाही, यावरून उतारा खरा आहे असे समजणे धोक्याचे आहे. सुमात्रा हा मोफत रीडर जुन्या संगणकावरही झटकन उघडतो, पण त्यातही ही सोय नाही. म्हणून कर्जविभागाच्या संगणकांवर अ‍ॅक्रोबॅट रीडर ठेवावा आणि जेथे केवळ परिपत्रके वाचायची व छापायची असतात, तेथे सुमात्रा खुशाल बसवावा.

‘वैधता अज्ञात’ याचा अर्थ उतारा बनावट आहे असा होत नाही. ज्या डिजिटल प्रमाणपत्राने (सही करणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या दाखल्याने) सही झाली, त्यावर तुमच्या संगणकाने अजून विश्वास ठेवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. सहीवर क्लिक करून तिच्या गुणधर्मांतून प्रमाणपत्र उघडले, की ते कोणी दिले याची साखळी दिसते. भारतातील प्रमाणपत्रांच्या बाबतीत या साखळीच्या मुळाशी ‘सीसीए इंडिया’ (प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणारे केंद्र सरकारचे नियंत्रक) असायला हवे. ते आहे याची खात्री करून मगच त्या मूळ प्रमाणपत्राला विश्वासार्ह यादीत घ्यावे. पुष्कळ कार्यालयांत हिरवी खूण दिसावी म्हणून समोर येईल त्या प्रमाणपत्राला मान्यता दिली जाते. तसे केल्यास पडताळणीला काही अर्थच उरत नाही. पानावर छापलेली हिरवी खूणही ग्राह्य धरू नये, कारण तसे चित्र कोणीही फाइलीत घालू शकतो. निर्णय रीडरच्या सह्यांच्या पट्टीत पाहावा. कर्जदाराने छापील प्रत आणली असेल, तर रीडरचा उपयोग नाही; अशा वेळी उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमी या राज्य शासनाच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावर टाकून पाहावा.

काही जुने शासकीय फॉर्म क्रोममध्ये उघडले की ‘प्लीज वेट’ एवढेच पान दिसते. ते एक्सएफए या भरावयाच्या फॉर्मच्या जुन्या पद्धतीचे असतात आणि अ‍ॅक्रोबॅटमध्ये व्यवस्थित भरता येतात, हेही त्या संगणकांसाठी अ‍ॅक्रोबॅट निवडण्याचे एक कारण आहे.

रीडर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि सोबत देऊ केलेल्या इतर सॉफ्टवेअरवरील खूण काढून टाकावी. स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू ठेवावे. कर्जदारांच्या ईमेलमधून फाइली येत असल्याने अ‍ॅक्रोबॅटमधील ‘प्रोटेक्टेड मोड’ (घातक फाइलीपासून संगणकाला वाचवणारी सोय) कोणीही बंद करू नये, अशी लेखी सूचना काढावी.