अमेरिकेत मद्य पाठवायचंय? आधी आयातदार, मग छापखाना

परदेशी बाजारात वाइन, बीअर किंवा स्पिरिट्स (व्हिस्की-रमसारखी गाळलेली दारू) पाठवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकेबद्दलची आहेत, म्हणून या वेळी फक्त अमेरिका घेतली आहे. बहुतेकांनी लेबल आधी छापून घेतलंय आणि मग प्रश्न विचारलाय. क्रम उलटा झाला की खर्च दुप्पट होतो. तो कसा, हे पुढच्या उत्तरांत येईलच.

प्रश्न : आमची लहान वाइनरी आहे. अमेरिकेतला एक दुकानदार थेट आमच्याकडून दोनशे पेट्या घ्यायला तयार आहे. त्याच्या नावावर माल पाठवता येईल का?

नाही. १९३३ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतली दारूबंदी उठली, तेव्हा दारूच्या विक्रीवरचा मोठा अधिकार राज्यांकडे गेला. त्यातून तीन पायऱ्यांची रचना तयार झाली: आयातदार किंवा उत्पादक, त्याखाली वितरक, त्याखाली दुकान किंवा हॉटेल. परदेशी उत्पादकाने पहिल्या दोन पायऱ्या वगळून दुकानात माल उतरवायचा नाही.

आयातदाराकडे टीटीबीचा 'बेसिक परमिट' लागतो. टीटीबी म्हणजे अर्थखात्याखालचं दारू-तंबाखू कर आणि व्यापार कार्यालय. परवान्याला फी नाही, पण अमेरिकेत व्यवसायाची खरी जागा लागते. नुसत्या टपालपेटीवर भागत नाही. तुमच्या दुकानदाराला एवढंच विचारा : 'तुमच्याकडे परदेशी वाइन कोणत्या वितरकाकडून येते?' बऱ्याच वितरकांकडे स्वतःचा आयात परवाना असतो. दुकानदाराची मागणी हातात घेऊन त्या वितरकाकडे गेलात तर बोलणी लवकर पुढे सरकतात. काही राज्यांत, उदाहरणार्थ पेनसिल्व्हेनिया आणि युटामध्ये, घाऊक विक्री राज्याच्याच हातात आहे. तिथे तुमचा ग्राहक सरकारी मंडळ असतं आणि त्याची वर्षभराची खरेदी-यादी ठरलेली असते. पहिल्या वर्षी तिकडे न वळलेलं बरं.

प्रश्न : लेबलची मंजुरी उत्पादक म्हणून आम्हीच काढली तर आयातदारावर अवलंबून राहावं लागणार नाही. अर्ज कुठे करायचा?

तुम्हाला अर्ज करताच येत नाही. लेबल-मंजुरीच्या प्रमाणपत्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कोला' म्हणतात (पेयाशी काही संबंध नाही). आयात मालासाठी ते परवानाधारक आयातदारालाच मिळतं. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क शून्य. पण ज्याच्या नावावर कोला, त्याच्याच नावाने 'इम्पोर्टेड बाय' अशी ओळ आणि त्याच्या गावाचं, राज्याचं नाव लेबलवर येतं. उद्या आयातदार बदललात तर नवा कोला काढायचा आणि लेबलही बदलायचं. म्हणूनच आयातदार ठरल्याशिवाय छापखान्याकडे जाऊ नका.

करारात दोन गोष्टी पक्क्या करा. ब्रँडचं ट्रेडमार्क अमेरिकेत तुमच्या स्वतःच्या नावावर नोंदवा. कोला मिळाला म्हणजे नावावर हक्क मिळाला असं होत नाही. दुसरं, करार संपवण्याच्या अटी स्पष्ट लिहा. अनेक राज्यांचे कायदे वितरकाच्या बाजूने झुकलेले आहेत, आणि तिथे एकदा नेमलेला वितरक सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही. हे लोकांना फार उशिरा कळतं.

अर्जात चूक निघाली तर तो 'दुरुस्ती हवी' म्हणून परत येतो आणि ३० दिवसांत दुरुस्त न केल्यास फेटाळला जातो. फ्लेवर घातलेली स्पिरिट्स किंवा नेहमीच्या प्रकारात न बसणारं पेय असेल, तर लेबलच्याही आधी घटकांचा तपशील देऊन फॉर्म्युला मंजूर करून घ्यावा लागतो. वेळापत्रकात त्याचे दिवस वेगळे धरा.

प्रश्न : लेबल डिझाइन करते. आरोग्याचा इशारा मागच्या लेबलवर टाकलाय, पण अर्ज दोनदा परत आला. मजकूर शब्दशः बरोबर आहे.

बहुधा मजकुरात नाही, अक्षरांत चूक आहे. हा इशारा १९८८ च्या कायद्याने आला आणि नोव्हेंबर १९८९ पासून अर्धा टक्का किंवा जास्त अल्कोहोल असलेल्या प्रत्येक पेयावर सक्तीचा आहे. पुढची प्रत्येक गोष्ट पट्टी घेऊन तपासा.

सुरुवातीचे 'गव्हर्नमेंट वॉर्निंग' हे दोनच शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आणि ठळक हवेत. पुढचा मजकूर ठळक असता कामा नये. आख्खा मजकूर ठळक करणं ही सर्वांत नेहमीची चूक. इशारा जितका उठून दिसेल तितकं बरं, असं डिझायनरला वाटतं, आणि नियम नेमका उलटा आहे. दोन्ही वाक्यं सलग एका परिच्छेदात हवीत, (१) आणि (२) हे आकडे कंसात, आणि आजूबाजूच्या मजकुरापासून इशारा सुटा दिसला पाहिजे.

आकार बाटलीवर ठरतो. २३७ मिलीपर्यंत किमान १ मिमी, त्यापुढे ३ लिटरपर्यंत २ मिमी, त्याहून मोठ्या भांड्याला ३ मिमी. मोजताना मोठं अक्षर मोजू नका, छोट्या लिपीतलं बुटकं अक्षर मोजा. शिवाय अक्षरं दाटीने बसवायची नाहीत: २ मिमीच्या अक्षरात इंचाला जास्तीत जास्त २५, १ मिमीत ४० आणि ३ मिमीत १२.

याचा हिशेब आधीच करून ठेवा. मोकळ्या जागा धरून हा मजकूर सुमारे २८३ अक्षरांचा भरतो. इंचाला २५ प्रमाणे सुमारे ११.३ इंच लांबीची ओळ झाली. मागचं लेबल तीन इंच रुंद असेल तर कडेची जागा सोडून पाच ओळी लागतील, दोन इंच असेल तर सात. एवढी जागा राखून मगच बाकीची मांडणी करा. शेवटी उरलेल्या फटीत इशारा कोंबायला गेलं की सॉफ्टवेअर अक्षरांची रुंदी गुपचूप आवळतं. पडद्यावर ते कळत नाही, अर्ज तपासणाऱ्याला कळतं. सोनेरीवर पांढरं, काळ्यावर गडद तांबडं अशा रंगजोड्याही टाळा, कारण पार्श्वभूमीशी ठसठशीत फरक हवा.

प्रश्न : वाइनच्या लेबलवर द्राक्षाची जात, वर्ष आणि देशाचं नाव दिलंय. 'वर्ष काढा' असं उत्तर आलं. वर्ष खरं आहे, कागदही आहेत.

वर्ष खरं असूनही चालत नाही, कारण त्याला जोड हवी ती प्रदेशाची. नुसत्या देशाच्या नावावर हंगामाचं वर्ष छापता येत नाही. देशापेक्षा लहान, कायद्याने ओळखला जाणारा प्रदेश लागतो. प्रदेश राज्य-जिल्ह्याच्या तोडीचा असेल तर किमान ८५ टक्के वाइन त्या वर्षाच्या द्राक्षांची हवी. खास द्राक्षक्षेत्र म्हणून ठरवलेला असेल तर ९५ टक्के. जातीचं नाव द्यायला त्या जातीची किमान ७५ टक्के द्राक्षं लागतात, आणि त्यासाठी देशाचं नाव पुरतं. म्हणजे तुमच्याकडे दोनच वाटा आहेत: प्रदेशाचं नाव घाला किंवा वर्ष काढा.

अल्कोहोलचा आकडा लिहिताना 'एबीव्ही' हे संक्षिप्त रूप वाइनवर नको. 'अल्कोहोल', 'बाय व्हॉल्यूम' हे शब्द किंवा त्यांची 'अल्क.', 'व्हॉल.' ही रूपं चालतात. अक्षरं १ ते ३ मिमी उंचीची. इथे वरचीही मर्यादा आहे. १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला लेबल आणि प्रत्यक्ष यांत दीड टक्क्याचा फरक माफ आहे, त्यावरच्या वाइनला एकच टक्क्याचा. सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) दशलक्षात १० भाग किंवा जास्त असेल तर 'कन्टेन्स सल्फाइट्स' लिहायचंच.

वाइन ७ टक्क्यांच्या खाली असेल तर मात्र सगळाच खेळ बदलतो. कोला लागत नाही. लेबल अन्न-औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या नियमांत जातं, घटकांची यादी आणि पोषणतक्त्यासकट. इशारा तरीही राहतोच.

प्रश्न : आमची व्हिस्की मळीच्या स्पिरिटमध्ये माल्ट मिसळून बनते, ४२.८ टक्के. लेबलवर '७५ प्रूफ' आहे. चालेल?

दोन्ही गोष्टी अडतील. अमेरिकी व्याख्येत व्हिस्की फक्त धान्यापासून बनते, ९५ टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेवर गाळलेली, ओकच्या पिंपात ठेवलेली आणि बाटलीत किमान ४० टक्के. मळीचं स्पिरिट त्यात बसत नाही, घरी त्याला काहीही म्हणत असोत. असा माल 'डिस्टिल्ड स्पिरिट्स स्पेशालिटी' या प्रकारात जातो. तिथे वेगळं नाव आणि सोबत आत काय आहे ते सांगणारं वाक्य लागतं. ठळक अक्षरात 'व्हिस्की' नाही. शुद्ध धान्याची व्हिस्की असेल, पण चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली, तर वय लिहिणं सक्तीचं.

प्रूफ म्हणजे दारूची तीव्रता सांगणारं माप, आणि ७५ हा आकडा जुन्या ब्रिटिश मापाचा आहे. त्यात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के. अमेरिकी प्रूफ टक्क्यांच्या सरळ दुप्पट असतं, म्हणजे तुमचं ८५.६. प्रूफ न लिहिलं तरी चालतं, टक्के मात्र हवेतच आणि प्रत्यक्षातला फरक ०.३ च्या आत. ब्रँड, प्रकार आणि टक्के हे तिन्ही बाटली न फिरवता एका नजरेत दिसले पाहिजेत. गोल बाटलीवर घेराचा ४० टक्के भाग म्हणजे 'एक नजर'.

७०० मिलीच्या बाटलीबद्दल काही जुन्या पुस्तिकांत 'मनाई' असं लिहिलेलं आढळेल. स्पिरिट्ससाठी ती मनाई २०२० च्या अखेरीस उठली.

प्रश्न : ६५० मिलीची 'स्ट्राँग' बीअर पाठवायची आहे. लेबल घरच्या बाजाराचंच ठेवलं तर?

'स्ट्राँग' काढा. माल्ट पेयांवर, म्हणजे बीअरसारख्या पेयांवर, तीव्रतेची जाहिरात करणारे असले शब्द चालत नाहीत. बीअरला बाटलीचे ठरावीक आकार नाहीत, पण माप अमेरिकी एककात हवं, आणि तेही नीट मोडून. ६५० मिली म्हणजे २२ फ्लुइड औंस. एका पिंटात १६ औंस, म्हणून लेबलवर '१ पिंट ६ फ्लुइड औंस'. नुसतं '२२ औंस' लिहिलंत तर परत येईल. ३३० मिलीची बाटली पिंटाच्या आत असल्याने तिला '११.२ फ्लुइड औंस' पुरतं. मिलीलिटर सोबत राहिले तर हरकत नाही.

प्रश्न : लहान उत्पादकांना करात सूट आहे असं ऐकलं. आयातदार म्हणतो, पूर्ण कर भरावा लागतो. खरं काय?

दोन्ही खरं. १ जानेवारी २०२३ पासून आयात मालावर आधी पूर्ण कर भरायचा आणि आयातदाराने नंतर टीटीबीकडे तिमाही दावा लावून फरक परत घ्यायचा, अशी पद्धत आहे.

व्हिस्कीच्या प्रश्नातलीच ४२.८ टक्क्यांची बाटली धरू. १२ × ७५० मिलीची पेटी म्हणजे ९ लिटर, २.३८ गॅलन. प्रूफच्या हिशेबाने साधारण २.०३५ प्रूफ-गॅलन (१०० प्रूफचा एक गॅलन म्हणजे एक प्रूफ-गॅलन). पूर्ण दर प्रूफ-गॅलनला १३.५० डॉलर, म्हणजे पेटीला सुमारे २७.४७ डॉलर. सवलतीचा दर २.७० डॉलर, म्हणजे सुमारे ५.४९. पेटीमागे जवळजवळ २२ डॉलरचा फरक. पाचशे पेट्यांवर अकरा हजार डॉलर काही महिने अडकून पडतात.

सवलत परदेशी उत्पादकाच्या वर्षातल्या पहिल्या १ लाख प्रूफ-गॅलनवर आहे, आणि ती आयातदाराला 'देण्याचं' काम तुमचं. टीटीबीच्या पोर्टलवर परदेशी उत्पादक म्हणून नोंदणी करून, क्रमांक घेऊन, त्या वर्षासाठी कोणत्या आयातदाराला किती सवलत ते नेमून द्यायचं. तुम्ही नेमणूक केली नाही तर त्याचा दावा उभाच राहत नाही. परत आलेला पैसा कोणाचा, हे किंमत ठरवतानाच लिहून घ्या. सीमाशुल्क याहून वेगळं असतं. त्याचा दर माल निघण्याच्या आठवड्यात कस्टम्स एजंटकडून घ्या, जुन्या कोटेशनवर विसंबू नका.

प्रश्न : कोला आहे, करार आहे, तरी कंटेनर बंदरात अडकला.

कोला टीटीबीचा, एफडीएचं काम वेगळं. तुमचा कारखाना एफडीएकडे नोंदलेला हवा, अमेरिकेतल्या एजंटच्या नावासह. नोंदणी फुकट आहे, पण दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. शिवाय प्रत्येक खेपेची पूर्वसूचना लागते: समुद्रमार्गे किमान ८ तास आधी, विमान किंवा रेल्वेने ४, रस्त्याने २. हे ठीक असेल तर बाटलीवरचं लेबल आणि मंजूर प्रत शेजारी ठेवून पाहा. मूळ देशाचं नाव छापायचं राहून गेलंय का, छापखान्याने अक्षर बदललंय का? चूक लेबलची असेल तर माल कस्टम्सच्या ताब्यातून सुटण्याआधी गोदामात चिकटपट्टी लावून दुरुस्त करता येते. मजुरी महाग पडते, पण माल परत आणण्यापेक्षा कमी.

प्रश्न : प्रदर्शनासाठी सहा बाटल्या टपालाने पाठवू?

नको. अमेरिकी टपालातून दारू पाठवायला कायद्यानेच बंदी आहे. नमुन्यांसाठी आयातदार टीटीबीकडे पत्र देऊन कोलातून सूट मागू शकतो. मग बाटल्यांवर 'फक्त नमुना, विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी हवी आणि त्या कुरिअरने, कस्टम्सच्या कागदांसह जायला हव्यात. सरकारी इशारा नमुन्यांवरही लावूनच पाठवा.