स्पोकन इंग्लिशचा क्लास राहू दे, आधी वाचायला लाग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याचं प्रोफाइल एक्सप्रेस एंट्रीत (कॅनडात कायमचं राहायला जाण्यासाठीची पॉइंटवर चालणारी सरकारी पद्धत) टाकलंय, नंबर लागला तर पुढच्या वर्षी तासगावहून टोरांटोला यायचं. तुझं शिक्षण बी.कॉम.पर्यंत मराठीतून, आयईएलटीएसला (इंग्रजीची परीक्षा) रीडिंगमध्ये ९ पैकी ५ आले, मुलगी सात वर्षांची. सांगलीत स्पोकन इंग्लिशचा चार महिन्यांचा क्लास आहे, तो लावू का, आणि वाचन कसं सुधारू?

क्लास नको लावूस. हे जरा ठासूनच सांगते, कारण २०१२ साली मिरजेहून निघताना मी नेमकं तेच केलं होतं. चार महिने आरशासमोर उभं राहून स्वतःची ओळख करून दिली. इथे आल्यावर ती ओळख कुणी विचारली नाही. बोलणं इथे आपोआप सुधारतं गं. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, शेजारणीशी. समोरचा माणूस हातवारे करतो, दुसरा शब्द वापरतो, तुझं तोंड बघून हळू बोलतो. कागदाला मात्र "जरा पुन्हा सांगा" म्हणता येत नाही. आणि इथे सगळं कागदावर चालतं. घरभाडं, शाळा, बँक, कामाची जागा, लिफ्ट बंद असल्याची सूचना, सगळं.

माझा किस्सा ऐक. मुलगा दुसरीत होता. शाळेतून पोहण्याच्या तासांबद्दल एक पत्र आलं, खाली सहीची जागा. शेवटचं वाक्य होतं, "शुड यू नॉट विश युअर चाइल्ड टू पार्टिसिपेट, प्लीज साइन अँड रिटर्न धिस फॉर्म." मला त्यात "शुड" दिसलं, "पार्टिसिपेट" दिसलं, "साइन" दिसलं. "शुड" म्हणजे पाहिजे, हे पाचवीपासून पाठ. म्हणजे मुलाने भाग घ्यायला पाहिजे, सही करा. केली सही, वर टॉवेल आणि चड्डीही भरून दिली. तीन आठवड्यांनी कळलं की बाकीची मुलं पोहायला जातात आणि आमचा मुलगा लायब्ररीत बसतो. बाईंना वाटलं, घरच्यांचा काही धार्मिक वगैरे आक्षेप असेल, विचारायचं कसं! वाक्याच्या सुरुवातीला आलेलं "शुड" म्हणजे "जर" हे मला त्या दिवशी कळलं. "तुमची इच्छा नसल्यास सही करून परत पाठवा" असं होतं ते. त्यातला एकही शब्द मला अवघड नव्हता, हे लक्षात घे. शब्दार्थाच्या वहीने माझी सुटका झाली नसती.

आपलं घोडं अडतं कुठे, तर शाळेत आपण इंग्रजी वाचलेलंच नसतं. सर एक वाक्य वाचायचे, लगेच मराठीत अर्थ सांगायचे, आपण तो पेन्सिलने ओळीवर लिहायचो. घरी नवनीत गाईड. म्हणजे इंग्रजी धड्याचं मराठी आपण वाचत होतो. ती सवय मोडणं हेच पहिलं काम.

दुसरी अडचण वाक्याच्या बांधणीची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण वाक्य संपेपर्यंत जीव धरून बसतो. इंग्रजीत मुख्य क्रियापद मध्येच येऊन जातं आणि आपल्याला पत्ता नसतो. भाड्याच्या पत्रातलं वाक्य घे: "टेनंट्स हूज चेक्स हॅव बीन रिटर्न्ड बाय द बँक विल बी चार्ज्ड अ फी." आपण कसं म्हणू? "ज्या भाडेकरूंचे चेक बँकेने परत पाठवले, त्यांना फी पडेल." "ज्या" आधी, "त्यांना" नंतर, सगळं सरळ. इंग्रजीत ते "ज्यांचे"वालं लटांबर मधे घुसवलेलं असतं. मी पेन्सिल घेऊन "हूज"पासून "बँक"पर्यंत कंस करायचे. कंसाबाहेर उरतं, "भाडेकरूंना फी पडेल." मग कंस उघडायचा: कुठल्या भाडेकरूंना? रोज पाच वाक्यांना असे कंस करत गेले, दोन-तीन महिन्यांत पेन्सिल लागेनाशी झाली.

तिसरं, काही शब्द असे असतात की तेवढे चुकले तर सगळं उलटं. महावितरणच्या नोटिशीत "अन्यथा" दिसलं की आपण आधी तेच वाक्य वाचतो की नाही? तसे इथले अन्यथा ओळखून ठेव. अनलेस (तसं नसेल तर), अनटिल (तोपर्यंत), प्रोव्हायडेड दॅट (या अटीवर), नो लेटर दॅन (उशिरात उशिरा), इन लू ऑफ (त्याऐवजी). आणि "वेव्ह". फी "वेव्ह" केली म्हणजे माफ केली. त्याचा हात हलवण्याशी संबंध नाही, स्पेलिंगही वेगळं. काही शब्द तर फक्त इथले. भाड्याच्या जाहिरातीत "रेंट प्लस हायड्रो" असतं. मी समजले पाणीपट्टी. ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, हायड्रो म्हणजे वीज! इथली वीज पूर्वी बहुतेक धबधब्यांवर व्हायची, ते नाव चिकटलंय. हिवाळ्यात इलेक्ट्रिक हीटरच्या घरात हा फरक फार महागात पडतो.

परीक्षेचं उरकून घेते. आयईएलटीएस जनरलच्या रीडिंगला ६० मिनिटांत ४० प्रश्न. ५ साठी साधारण २३ बरोबर लागतात, ६ साठी ३०. म्हणजे तुला सातच उत्तरं वाढवायची आहेत. तू जोडीदार म्हणून अर्जात आहेस, तेव्हा एक्सप्रेस एंट्रीच्या सध्याच्या तक्त्यात रीडिंग ५ ला एक पॉइंट, ६ ला तीन, ७ ला पाच. चारही कौशल्यं मिळून जास्तीत जास्त २०. सोडू नये इतके आहेत, पण त्यापायी वर्षभर टेस्ट पेपरच सोडवत बसू नकोस. विधान बरोबर, चूक की उताऱ्यात दिलेलंच नाही, असे प्रश्न असतात ना, त्यात तुझे मार्क जात असणार "नॉट गिव्हन"मध्ये, सगळ्या मराठी माध्यमवाल्यांचे तिथेच जातात. उताऱ्यात लिहिलंय "दुकान सोमवारी बंद असतं", प्रश्न आहे "दुकान रविवारी उघडं असतं". आपण म्हणतो, असणारच, आपल्याकडे असतं! उताऱ्याने रविवारबद्दल तोंडच उघडलेलं नाही, म्हणून "नॉट गिव्हन". आपलं ज्ञान बाहेर चपलांपाशी ठेवून आत जायचं, एवढंच.

आता खरं काम. सोपं वाच. अगदी लाज वाटेल इतकं सोपं. न्यूझीलंडमधले पॉल नेशन म्हणून भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी आयुष्यभर शब्दसंग्रहावर काम केलं. त्यांच्या अभ्यासातला आकडा मी कपाटावर लिहून ठेवला होता: कुणाच्या मदतीशिवाय नीट समजून वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. गोष्टीच्या पुस्तकाच्या पानावर अडीचशेच्या आसपास शब्द धर, तर पानाला पाच. एका हाताची बोटं. पान वाचताना अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ बंद झाली तर ते पुस्तक आज ठेवून दे. त्यात कमीपणा नाही. तू "सुधारायला" म्हणून इंग्रजी पेपरचा अग्रलेख घेऊन बसत असशील, तर तिथे पहिल्या परिच्छेदातच दोन्ही मुठी बंद होतात, आणि मग ते वाचन राहत नाही, डिक्शनरी उपसणं होतं.

इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्यांसाठी मुद्दाम सोप्या केलेल्या पुस्तकांच्या मालिका असतात, ग्रेडेड रीडर्स म्हणतात. खालच्या पायरीची काहीशे शब्दांत बसवलेली, वरची दोन-अडीच हजारांत. पुण्याला गेलीस की अप्पा बळवंत चौकात चौकशी कर. तोवर फुकटातलं सांगते: प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मुलांच्या गोष्टी, सोप्यापासून अवघड अशा पायऱ्या लावलेल्या, आणि पुष्कळशा गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी इंग्रजीच वाच. मराठी फक्त शेवटी, ताळा करायला. उलटं केलंस की पुन्हा गाईड झालं!

डिक्शनरी परिच्छेद संपल्यावर. आणि वहीत सुटा शब्द लिहू नकोस, त्याच्या शेजाऱ्यांसकट लिही. "पुट" म्हणजे ठेवणे आणि "ऑफ" म्हणजे बंद, हे जोडून "पुट ऑफ" म्हणजे पुढे ढकलणे कधीच निघणार नाही.

अजून एक. आपल्याला प्रकट वाचनाची सवय, त्यातून देवनागरी जसं लिहितो तसं बोलतो. त्यामुळे इंग्रजीतही आपण तोंडातल्या तोंडात अक्षर न् अक्षर उच्चारतो. "वेड-नेस-डे" असं घोकून स्पेलिंग पाठ केलेली आपण माणसं! डोळ्याला ओळखीचा शब्द मग कानाला अनोळखी राहतो. त्याला उपाय, पुस्तक समोर ठेवून त्याचंच रेकॉर्डिंग ऐकणं. वाचणारा पुढे जातो, तुला त्याच्यामागे पळावं लागतं, प्रत्येक अक्षर चघळायला वेळच मिळत नाही. मी कणीक मळताना ऐकायचे आणि मग तेच पान वाचायचे.

सोप्या गोष्टींच्या जोडीला आठवड्यातून दोनदा इथला खरा कागद घे, कंसाच्या पेन्सिलसह. ऑन्टारियोत ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरभाड्यांना सरकारने ठरवून दिलेला एकच करारनामा लागतो. तो नेटवर आहे. तुम्ही इथे आल्यावर पहिल्या महिन्यात ज्यावर सही करणार, तो कागद तासगावात बसून चार वेळा वाचून ये. तसंच ड्रायव्हिंगचं सरकारी पुस्तक. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेला ४० प्रश्न, खुणांचे २० आणि नियमांचे २०, दोन्हींत १६-१६ बरोबर हवेत. लहान वाक्यं, शेजारी चित्रं. वाचायला शिकणाऱ्याला याहून बरं पाठ्यपुस्तक नाही. किराणा दुकानांची साप्ताहिक पत्रकंही नेटवर बघ. "लिमिट टू", "व्हाइल क्वांटिटीज लास्ट" हे त्यांनीच मला शिकवलं. तूरडाळ स्वस्त असली की बारीक अक्षरं आपोआप वाचली जातात.

इथे पोचल्यावर: पीआर (कायम राहण्याचा परवाना) असलेल्यांना सरकारी खर्चाने चालणारे लिंक नावाचे इंग्रजीचे वर्ग आहेत. आधी भाषेची चाचणी होते, वाचनाची पातळी वेगळी काढतात, बोलण्याची वेगळी. मला बोलण्यात वरची मिळाली आणि वाचनात खालची, क्लासची कृपा. जागा भरतात, म्हणून आल्या आठवड्यात नाव घाल. आणि लायब्ररी. टोरांटोत १०० शाखा, कार्ड फुकट, पत्त्याचा पुरावा दाखवला की झालं. २०२२ पासून उशिराचा दंडही नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्यांसाठी पुस्तकं असतात, नवख्यांसाठी बोलायला बसण्याचे गटही चालतात. माझा पहिला हिवाळा तिथल्या खिडकीजवळच्या खुर्चीत गेला. घरापेक्षा ऊब जास्त आणि हायड्रोचं बिल त्यांचं.

नोकरीबद्दल एवढंच, की मी सुरुवातीला पॅकिंगच्या कारखान्यात होते आणि पहिल्याच दिवशी डब्यांवरच्या धोक्याच्या खुणा नि सूचना वाचायचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. डब्ल्यूएचएमआयएस नाव त्याचं, सगळे "व्हिमिस" म्हणतात. शेवटी लेखी चाचणी. तिथे कुणी माझं "हाऊ डू यू डू" ऐकलं नाही.

मुलीची काळजी करू नकोस, पण फसूही नकोस. दोन वर्षांत ती तुझ्या नाकासमोर फाडफाड बोलायला लागेल आणि तुला वाटेल, झालं. टोरांटो विद्यापीठातल्या जिम कमिन्स यांनी हे फार पूर्वी दाखवलंय: मुलांची बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची, पुस्तकातली भाषा वर्गातल्या बाकी मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं जातात. त्यांचंच दुसरं म्हणणं असं की एका भाषेत कमावलेलं वाचन दुसऱ्या भाषेच्या कामी येतं. म्हणून येताना तिची मराठी पुस्तकं बॅगेत घाल, वजनाला घाबरून काढू नकोस. लोणचं इथे मिळतं.

आणि ती शाळेतून घरी वाचायला छोटी पुस्तकं आणेल, त्यात अक्षरांचे आवाज पद्धतशीर शिकवलेले असतात. ऑन्टारियोने २०२३ च्या अभ्यासक्रमात त्यावर जोर दिलाय. तिच्याशेजारी बसून तूही शीक. शेवटचा मुका "ई" आधीच्या स्वराला लांबवतो, "कॅप"चं "केप" होतं, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी दुसरीतल्या मुलाने सांगितलं.

आज रात्री स्टोरीवीव्हरवर दुसऱ्या पायरीची एक गोष्ट उघड. पानं छोटी असतात, म्हणून अख्खी गोष्ट मिळून बोटं मोज. किती मिटली ते कळव, मग पुढची पायरी घ्यायची की पहिलीवर उतरायचं ते सांगते.