कानपिळ्याचे उत्तर

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

रविवारी आत्याचे लग्न आटोपून समुद्रकाठच्या लॉर्न गावाहून परत येताना तू मागच्या सीटवरून मला विचारलेस, "बाबा, कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही असे तूच सांगतोस, मग आत्याच्या लग्नात सगळ्यांसमोर नवऱ्याचा कान का पिळलास? आणि तू तर तिचा खरा भाऊसुद्धा नाहीस." त्या वेळी रस्ता कड्याला चिकटून वळणे घेत होता आणि समोरून एक भलीमोठी कॅराव्हॅन येत होती, म्हणून "घरी गेल्यावर सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाळूने भरलेले कपडे, तुझा राहिलेला गृहपाठ आणि सोमवारचे डबे यांत ते उत्तर राहूनच गेले. प्रश्न चांगला होता, म्हणून आता सावकाश लिहितो. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. रोज एकेक पान वाच आणि अडेल तेथे आईला विचार.

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण त्यावाचून पहिल्याला अर्थ नाही. तू जन्मण्यापूर्वी आत्या शिकायला मेलबर्नला आली आणि दोन वर्षे आपल्या मागच्या खोलीत राहिली. पहिल्याच दिवाळीत भाऊबिजेला तिला घरची फार आठवण येऊ लागली, तेव्हा तुझ्या आईने तबक तिच्या हातात दिले, मला पाटावर बसवले आणि म्हणाली, "याला ओवाळ." मी पाकिटातून पन्नास डॉलर काढून तबकात टाकले. त्यानंतर तिने एकही भाऊबीज चुकवलेली नाही, आणि म्हणून तू बोलायला लागलीस तेव्हा ती आपोआपच तुझी आत्या झाली. तिचा सख्खा भाऊ चिपळूणला असतो. लग्नाच्याच आठवड्यात त्याच्या घरी बाळंतपण आल्यामुळे त्याला येता येईना, तेव्हा त्याने मला फोन केला. "माझ्या जागी तुम्ही उभे राहा," असे तो म्हणाला आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "कान मात्र चांगला जोरात पिळा."

शुक्रवारी संध्याकाळी वेस्ट गेट पूल ओलांडून आपण निघालो तेव्हा गाडीत काय काय होते, हे आठवते ना? दोन पाट, अंतरपाट, मुंडावळ्या, तू दीडशे किलोमीटरभर मांडीवर धरून बसलेला तांब्याचा करा, आणि दर वळणावर डिकीत गडगडणारा नारळ. टॉर्कीच्या पुढे समुद्र डाव्या हाताला आला तेव्हा अंधार पडू लागला होता, त्यामुळे ईस्टर्न व्ह्यूची लाकडी कमान तुला नीट दिसली ती परतीच्याच वाटेवर. पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेल्या सैनिकांनी 1919 पासून 1932 पर्यंत कुदळ-फावड्याने हा रस्ता, म्हणजे ग्रेट ओशन रोड, खोदला, आणि जे परतले नाहीत त्यांचे स्मारक म्हणून तो ओळखला जातो. तेथे उभे असताना मला एक गोष्ट मनाला लागली, ती येथे लिहून ठेवतो: गेलेल्या भावाच्या जागी उभे राहून दुसऱ्या कोणीतरी त्याचे काम पुरे करायचे, ही रीत काही केवळ आपलीच नाही.

लग्नाचा दिवस तू पाहिलासच, पण त्यात दोन लग्ने कशी होती ते बहुधा तुझ्या लक्षात आले नसावे. सकाळी वाळूवर झाले ते ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचे लग्न. या देशात निदान एक महिना आधी लेखी सूचना द्यावी लागते, लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीला विवाहाची कायद्यातली व्याख्या सर्वांसमोर उच्चारावी लागते, आणि अठरा वर्षे पुरी झालेल्या दोघा साक्षीदारांच्या सह्या लागतात. दहा वर्षांच्या मुलीची सही चालत नाही, हे कळल्यावर तू जे तोंड फुगवलेस ते फोटोत आले आहे. वधूच्या बाजूची सही मी केली. एवढे सगळे वीस मिनिटांत उरकले आणि पाहुण्यांपैकी निम्म्यांना वाटले, आता जेवण.

आपले लग्न दुपारी होते, भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या मागच्या अंगणात, कारण लाकडी गच्चीवर अग्नी पेटवायला घरमालकाची परवानगी नव्हती आणि ती नसणेच योग्य होते. या किनाऱ्याने 1983 च्या फेब्रुवारीत वणव्याचा जो बुधवार पाहिला, त्यात ती कमानसुद्धा जळाली होती. त्या दिवशी सरकारी अग्निबंदी नाही ना, हे मी सकाळपासून फोनवर तीनदा पाहिले. विटांच्या फरसबंदीवर तांब्याचे लहानसे कुंड, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, आणि वारा असा की तुझी आई व मी धरलेला अंतरपाट गलबताच्या शिडासारखा फुगत होता. पौरोहित्य करणाऱ्या काकूंनी मंगलाष्टके वाऱ्यावर मात करील अशा आवाजात म्हटली. "सावधान" म्हटल्याबरोबर टाकलेल्या अक्षता खाली पडतात न पडतात तोच पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवा कुंपणावरून उतरले आणि वधूवरांच्या पायांशी टिपू लागले, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. आपल्याकडे घास घ्यायला कावळा येतो. येथे काकाकुवा आला, इतकेच.

त्यानंतर लाजाहोम झाला, आणि माझे काम तेथे सुरू झाले. लाजा म्हणजे लाह्या. सालीसकट भात भाजला की तो फुलासारखा उमलतो, त्या साळीच्या लाह्या. कुरमुरे वेगळे, ते तांदळाचे करतात. डँडेनाँगची चार दुकाने हिंडूनही मला लाह्या मिळाल्या नाहीत आणि शेवटी कुरमुऱ्यांवरच भागवावे लागले, हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही, ते तुला सांगतो. वधू दोन्ही हातांची ओंजळ करते, तिच्यावर तुपाचा हात फिरवतात, भाऊ त्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. म्हणजे माहेरचे शेवटचे धान्य भावाच्या हातून तिच्या हाती येते आणि तेथून अग्नीत जाते. तू माझ्या मागे करा घेऊन उभी होतीस, म्हणून तुला दिसले नसेल, पण आत्याची ओंजळ तेव्हा थरथरत होती, आणि निम्मे कुरमुरे वाऱ्याने आधीच पळवले होते.

आता तुझ्या "खरा भाऊ नाहीस" या बोलण्याकडे येतो. मलाही हीच शंका होती, म्हणून आदल्या रात्री मी काकूंना विचारले. त्यांनी पिशवीतून एक जुनी पोथी काढली. ऋग्वेदी घराण्यांत ज्याच्या आधारे लग्न लावतात ते आश्वलायन गृह्यसूत्र दोन हजार वर्षांहून अधिक जुने आहे, आणि त्यात याच लाह्यांविषयी शब्द आहेत: "भ्राता भ्रातृस्थानो वा". भाऊ, किंवा जो भावाच्या स्थानी असेल तो. त्याने वधूच्या ओंजळीत दोनदा लाह्या घालाव्यात, आणि वर जमदग्नीच्या कुळातला असेल तर तीनदा. म्हणजे भाऊ नसेल, परगावी असेल, त्याच्या घरी बाळंतपण असेल, हे सगळे त्या सूत्रकाराला ठाऊक होते, आणि त्याने दुसऱ्याला जागा आधीच राखून ठेवली होती. माझ्या छातीवरचे मोठे ओझे त्या एका "वा" ने उतरले.

मग मी विचारले, "आणि कान?" काकू हसल्या. कान त्या सूत्रात नाही. पण विवाहाचे प्रकरण सुरू करतानाच सूत्रकार म्हणतो की प्रदेशाप्रदेशांचे आणि गावागावांचे आचार नाना प्रकारचे असतात, ते विवाहात पाळावेत: "अथ खलूच्चावचा जनपदधर्मा ग्रामधर्माश्च तान्विवाहे प्रतीयात्". कानपिळी ही या दुसऱ्या खात्यातली. ती कोणत्या ऋषीने सांगितलेली नाही, ती घराघरांतून चालत आलेली आहे, आणि जो पिळतो त्याला कानपिळ्या म्हणतात.

शनिवारच्या मराठी शाळेत तू एक म्हण शिकलीस, "बळी तो कान पिळी", म्हणजे ज्याच्या अंगात जोर तो दुसऱ्याचा कान धरतो. आता जुन्या काळातले लग्न डोळ्यांपुढे आण. मुलीचा बाप जावयाचे पाय धुवायचा. वरपक्षाला उतरायला चांगली जागा, वरमाईला मानाची साडी, विहीणबाईंच्या पंगतीला वेगळा थाट, आणि एवढे करूनही कोणीतरी रुसून बसायचेच, मग त्याची समजूत काढायची तीही मुलीकडच्यांनीच. हुंडा तर होताच. तो घेण्यादेण्यास बंदी करणारा कायदा भारतात 1961 साली झाला, आणि गंमत म्हणजे ज्या कायद्याने सकाळी वाळूवर आत्याचे लग्न लागले, तो येथला विवाहाचा कायदाही 1961 चाच. तर अशा त्या दोन-चार दिवसांत मुलीकडचे सगळे वाकलेले असताना एकच क्षण असा येतो, की मुलीचा भाऊ, मग तो आठ वर्षांचा का असेना, उठतो आणि ज्याच्यापुढे सगळे वाकतात त्याचा कान धरतो. तेवढ्यापुरती ती म्हण उलटी होते; जो बळी नाही तो कान पिळतो. नवरदेवाने तो मुकाट्याने पिळू द्यायचा आणि वर कानपिळ्याला काहीतरी वस्त्र भेट द्यायचे.

यामागे "माझ्या बहिणीला नीट वागव, तिच्या मागे माणसे आहेत" असे सांगणे असते, असे सगळेच म्हणतात, आणि मलाही ते पटते. मात्र एक कान पिळल्याने बाकीच्या वाकण्याची भरपाई होते असे मला वाटत नाही. म्हणूनच आत्याने पाय धुणे वगळले, कन्यादानही वगळले, आणि कानपिळी ठेवली. तिच्या यादीत तिने त्यापुढे दोन रेघा मारल्या होत्या.

राहिला प्रश्न अंगाला हात लावण्याचा. त्याबाबत तुझे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणून मी आधी विचारले होते. शुक्रवारी रात्री मी नवरदेवाला बाजूला घेऊन सांगितले की उद्या असे असे होणार आहे, तुझी हरकत असेल तर नुसता हात लावून सोडून देतो. तो जिलाँगचा, लहानपणापासून लाटांवर वाढलेला मुलगा. तो म्हणाला, "जोरात कर, नाहीतर माझ्या आजीला वाटेल तुम्ही नाटक करताय." दुसऱ्या दिवशी कान धरायला गेलो तर तो निसटला, कारण उन्हासाठी त्याने कानापर्यंत पांढरे झिंक चोपडले होते. दुसऱ्यांदा उपरण्याच्या टोकाने धरून पिळला. कान वाऱ्याने बर्फासारखा गार झाला होता आणि काठाला मीठ लागलेले होते. तो सकाळी लग्नाआधी पोहून आला होता, हे मला तेव्हा कळले. त्याने "आय आय" केले ते खरे होते की पाहुण्यांसाठी होते, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याची आजी मात्र उठून उभी राहिली आणि तिने मला विचारले, "दुसरा कान माझ्यासाठी ठेवला आहे का?"

वस्त्र म्हणून त्याने जे दिले, ते तू पाहिलेस. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लोकरीचा स्कार्फ, जिलाँगच्या फुटबॉल संघाचा. आपल्या घरात कॉलिंगवूडखेरीज दुसऱ्या संघाचे नाव निघत नाही, हे त्याला चांगले माहीत असताना त्याने तो शंभर माणसांदेखत माझ्या गळ्यात घातला, म्हणजे पिळलेल्या कानाचे उट्टे त्याने तेथल्या तेथे काढले. मानाचे वस्त्र नाकारता येत नाही. ते कपाटात शेल्याशेजारी घडी करून ठेवले आहे.

तू आणखी एक गोष्ट विचारली होतीस, पण पुटपुटत, आणि बहुधा तुला वाटले असेल की मला ऐकू आली नाही: "मी का नाही पिळायचा?" तुला त्या दिवशी करवलीचा मान होता, करा धरून तुझे हात भरून आले तरी तू तो खाली ठेवला नाहीस, हे मी पाहिले. तरी ते तुझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हेही मला कळते. सूत्रात "भ्राता" आहे हे खरे, पण कान सूत्रात नाहीच, तो गावाचा आचार आहे, आणि आचार माणसे ठरवतात. मी काकूंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, पुढच्या मे महिन्यात चिपळूणच्या काकांच्या धाकट्या मेहुणीचे लग्न आहे, तिला भाऊ नाही, आपण गेलो तर बोलून बघू. नखे मात्र आधी कापावी लागतील.

तुझा,
बाबा