वाचक विचारतात : पोलिसांच्या श्वानपथकाला मदत करायची तर

प्रश्न : आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दोन तळमजली पार्किंग आणि एक बंद पडलेलं क्लबहाउस आहे. ठाणे पोलिसांच्या श्वानपथकाला ही जागा सरावासाठी देऊ करावी, असं सभेत ठरलं. तयारी काय करायची?

उत्तर : फार चांगला ठराव. रोजच्या मैदानाचा कोपरा न् कोपरा कुत्र्याला पाठ होतो. मग तो वासावर चाललाय की आठवणीवर, हे हस्तकालाही, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या पोलिसालाही, ओळखता येत नाही. म्हणून अनोळखी जागेचं मोल खाऊ-खेळण्यांपेक्षा जास्त. ठरावाची प्रत, जागेचा नकाशा आणि संपर्कासाठी एकाच माणसाचं नाव जोडून पोलिस आयुक्तांच्या नावे पत्र द्या.

होकार आला की आधी वॉचमनला विचारा, उंदरांचं औषध कुठे कुठे टाकलंय. यातल्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठायचं थांबतं, पण त्रास दिसायला दोन ते पाच दिवस जातात. तोवर कुत्र्याने काय खाल्लं होतं हे कुणाच्या ध्यानातही नसतं. वड्या मोजून उचला. एखादी सापडली नाही तर तो भाग बंदच ठेवा आणि पथकाला तसं सांगा. मग ट्यूबलाइटच्या काचा, उघडी चेंबर, बॅटरीचं सांडलेलं अ‍ॅसिड. पाहुणे येणार म्हणून फरशी फिनेलने पुसू नका: उग्र दर्पाने काम अवघड होतं आणि पंजे चुरचुरतात. आदल्या दिवशी साध्या पाण्याने धुतली की पुरे. एक्झॉस्ट पंखे चालू ठेवायचे की बंद, हे हस्तकाला विचारा. झोताबरोबर वास वाहत जाऊन भलत्याच खांबामागे साचतो आणि कुत्रा तिथेच घुटमळत राहतो.

वेळ सकाळची ठेवा. कुत्रा धापा टाकू लागला की हुंगणं कमी होतं, म्हणून थोडं काम, मग सावली आणि पाणी. सरावाचे नमुने, म्हणजे कुत्र्याने वासावरून शोधायच्या वस्तू, पथकच आणतं, लपवतं आणि मोजून परत नेतं. सभासदांनी त्यांना हात लावायचा नाही. गॅलरीतून शिट्ट्या नकोत. भटक्या कुत्र्यांना रोज जे खायला घालतात, त्यांनीच त्या वेळी त्यांना दुसऱ्या टोकाला नेऊन गुंतवावं. अनोळखी माणसाने हुसकलं तर भुंकणं वाढतं.

प्रश्न : माग काढण्याच्या सरावाला बाहेरची माणसं लागतात, असं ऐकलं. खारघरच्या आमच्या मंडळातली मुलं तयार आहेत. नेमकं काय करावं लागतं?

उत्तर : चालावं लागतं, आणि सांगितलं तसंच. स्वच्छ धुतलेला रुमाल अंगाला लागून वीसेक मिनिटं ठेवायचा आणि सुरुवातीच्या जागी स्वतःच टाकायचा. तो दुसऱ्या कुणी उचलून दिला की त्यावर दोघांचा वास बसतो, आणि चूक कुत्र्याच्या नावावर जाते. मग ठरल्या वाटेने तीनचारशे पावलं जायचं, वळणं कागदावर टिपायची आणि शेवटी लपून न हलता बसायचं. वास थोडा शिळा व्हावा म्हणून कुत्र्याला मुद्दाम उशिरा सोडतात. अर्धा तास डास चावले तरी जागा सोडायची नाही, मोबाइल बंद. उन्हाने तापलेल्या डांबरावर वास टिकत नाही. दव पडलेलं गवत उत्तम. कुत्रा पोचल्यावर त्याला थोपटू नका. बक्षीस हस्तकच देईल.

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर चार वर्षांचा, ३२ किलोचा आहे. पोलिसांच्या कुत्र्यासाठी त्याचं रक्त देता येईल का? (वाशी)

उत्तर : वय आणि वजन बसतं, साधारण एक ते आठ वर्षं आणि २५ किलोच्या वर चालतं. लसी पूर्ण हव्यात, आणि त्याला स्वतःला कधी रक्त चढवलेलं नसावं. आपल्या दमट हवेत खरी अडचण गोचिडांची. गोचीडतापाचे जंतू वरून ठणठणीत कुत्र्यातही दडलेले असतात आणि रक्तातून पुढे जातात, म्हणून एर्लिकिया आणि बबेसियाची तपासणी टाळू नका. मानेचे केस कापून तिथल्या शिरेतून एका वेळी साधारण ४५० मिली घेतात. मुळात शांत असणारा कुत्राच यासाठी योग्य. रक्तगट आताच तपासून ठेवा आणि आपल्या पशुवैद्यांमार्फत पथकाच्या डॉक्टरांना कळवा. ऐन वेळी रात्री धावाधाव वाचते.

प्रश्न : गणपतीत बंदोबस्ताला आलेल्या कुत्र्याला मंडळातर्फे बिस्किटं दिली तर चालतील?

उत्तर : नाही. परक्याच्या हातचं खायचं नाही, हे त्याला महिनोन्महिने शिकवलेलं असतं. मांडवामागे सावलीची जागा आणि हस्तकाला पिण्याचं पाणी भरायला नळ दाखवा. तपासणीआधी तासभर धूप-कापूर थांबवा, आणि फटाक्यांची खोकी कुठे ठेवलीत ते न लपवता सांगा.