त्या रात्री तू वाडीत नव्हतास, तरीही

प्रिय मुला,

तुझा निरोप मिळाला. 'मी तर त्या रात्री आश्रमशाळेत होतो, मग मला कशाला डॉक्टर?' असं तू विचारलं आहेस. आधी त्याचंच उत्तर देते.

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि २३ तारखेला शोध थांबला. तुझी माणसं त्या ५७ जणांत आहेत. त्यांचं शेवटचं तोंडही तुला पाहायला मिळालं नाही. तू आणि तुझ्यासारखी कितीतरी मुलं वाडीबाहेर होती म्हणून वाचली, यात तुमचा काही गुन्हा नाही. मदत मागायला तू ढिगाऱ्याखाली सापडलेला असायला हवास, असा नियम कुणी केलेला नाही.

पावसाची झड लागली की छातीत धडधडतं, रात्रभर डोंगराकडे कान लागलेले असतात, कॉलेजात मन लागत नाही, लहानसहान गोष्टीवरून भडका उडतो, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे बहुतेकांना हा त्रास होतो आणि पुष्कळांचा हळूहळू ओसरतो. महिना उलटूनही तो हटला नाही, तर मात्र उपचार घ्यायचे. तुझं तर वर्षांवर गेलंय. पण उशीर झाला असं समजू नकोस, इतक्या काळानंतरही उपचारांचा गुण येतो.

सुरुवात फोनने कर. १४४१६ हा 'टेली-मानस'चा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा नंबर. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नाही म्हणून तू अडशील, मला माहीत आहे. एवढंच सांग: 'दरडीत घरची माणसं गेली, पाऊस आला की झोप लागत नाही.' बाकीचं ते विचारतील. समोर बसून बोलायचं असेल तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढताना मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटायचंय असं सरळ सांगायचं, आवाज खाली करायची गरज नाही.

चांगला समुपदेशक पहिल्याच दिवशी ती सगळी रात्र तुझ्याकडून वदवून घेणार नाही. तो विषय तुझ्या वेगाने, अनेक भेटींत उलगडतो. कुणी घाई केली, किंवा 'विसरून जा आता' असं म्हणालं, तर दुसरा माणूस शोधू. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नकोस. आणि दारू. वाडीतली तुझ्या वयाची मुलं झोपेसाठी कशी पिऊ लागली आहेत ते तूच मला सांगितलंस. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडत राहते आणि दुसऱ्या दिवशी जीव जास्तच घाबरा होतो.

आजी भगताकडे चल म्हणते, तर जा तिच्याबरोबर. तिच्याशी वाद घालू नकोस, तिचीही माणसं गेली आहेत. फक्त डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं नाही.

जुलै जवळ आला की कॅमेरे येतात आणि 'आज काय वाटतंय?' विचारतात. नको म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. १९ तारखेला कुठे असायचं, कुणाबरोबर असायचं, हे आधीच ठरवून ठेव. ती रात्र एकट्याने काढू नकोस.

आणि जगू नये असं कधी मनात आलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच मिनिटाला १४४१६ लाव आणि मलाही उठव. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

अलिबागला पहिल्या खेपेला मी तुझ्याबरोबर येते. बाहेर बाकावर बसेन, आत तू एकटा जा. कॉलेजला सुट्टी कुठल्या वारी असते ते कळव, म्हणजे एसटीची वेळ बघून ठेवते.

तुझ्या बाई