प्रभुत्व की सार्वभौमत्व?

नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चच्या फलकावर 'जीवनाच्या प्रत्येक क्षेत्रावर ख्रिस्ताचे प्रभुत्व' असं वाचून एका वाचकानं विचारलंय : प्रभुत्व भाषेवर असतं, तबल्यावर असतं, इथे 'सार्वभौमत्व' नको का?

नको. प्रभुत्वच बरोबर आहे.

तुमच्या कानाला ते का खटकलं, हे समजू शकतो. रोजच्या मराठीत प्रभुत्व रियाजानं कमवावं लागतं. मूळ अर्थ मात्र नुसता प्रभूपण, धनीपण. ख्रिस्ती मराठीनं तो जपलाय. नव्या करारातला ग्रीक शब्द 'कुरिओस'. घरच्या धन्याला आणि गुलामाच्या मालकालाही तोच लागे. मराठी बायबलात त्याचा 'प्रभू' झाला. समोर दास असल्याशिवाय प्रभू पुरा होत नाही, म्हणूनच नव्या करारातली पत्रं लिहिणारा पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो. हे नातं आहे आणि ते तोंडानं कबूल करायचं असतं.

सार्वभौम हा भूमीचा शब्द. पाणिनीच्या 'तस्येश्वरः' या सूत्राप्रमाणे पृथिवीचा ईश्वर तो पार्थिव, सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम. देवाचं सार्वभौमत्व म्हणणं चूक नाहीच. पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं, असं बायबलातलं चोविसावं स्तोत्र सांगतं. पण त्या शब्दात राज्य दिसतं, धनी दिसत नाही.

मला अडला तो 'क्षेत्र'. क्षेत्राचंच शेत झालं, आपल्याकडे वावर म्हणतात. वावर आलं की धुरा, म्हणजे बांध, आला, आणि धुऱ्यापलीकडे दुसऱ्याचं. फलकाला तर नेमकं उलट सांगायचंय! मग डच धर्मशास्त्रज्ञ अब्राहम कायपर आठवले. 1880 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये विद्यापीठाच्या उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले की, मानवी जीवनात अंगठ्याच्या रुंदीएवढीही जागा अशी नाही, जिच्याबद्दल ख्रिस्त 'माझी!' म्हणत नाही. त्याच भाषणात त्यांनी कुटुंब, विद्या, चर्च, शासन यांची वर्तुळं वेगळी मानली. एकानं दुसऱ्यावर हुकूम चालवायचा नाही. म्हणजे धुरे आहेत, पण वावरा-वावरांतले. धनी सगळ्यांचा एकच. तेव्हा 'क्षेत्र' राहू द्या.

त्या अंगठ्याच्या रुंदीला मात्र आपल्याकडे अस्सल शब्द आहे : तसू, गजाचा चोविसावा भाग. फलक मला रंगवायला दिला असता, तर मी लिहिलं असतं, 'जीवनातली तसूभर जागाही प्रभूचीच.'